परग्रहवासीयांना तोंड असेलच कशावरून?

१९७२ मध्ये ‘पायोनियर १०’ हे अमेरिकी यान गुरूच्या दिशेने निघाले, तेव्हा त्याच्यावर एक सोनेरी पाटी बसवलेली होती. पुढेमागे ती कुणा परग्रहवासीयाला सापडलीच, तर हे यान कुणी आणि कुठून पाठवले हे त्याला कळावे, हा हेतू. यानाचा मार्ग दाखवण्यासाठी पाटीवर बाण काढला होता. कलेतिहासकार अर्न्स्ट गोंब्रिख यांनी त्याच वर्षी नेमके या बाणावर बोट ठेवले. ज्यांच्या पूर्वजांनी कधी धनुष्य हाती धरले नाही, त्यांना बाणाचे टोक दिशा दाखवते हे समजणार कसे?

आक्षेप बिनतोड होता, आणि तो एका पाटीपुरता नाही. परग्रहावरच्या भाषेची कल्पना करताना माणूस स्वतःच्या शरीराबाहेर पडतच नाही.

‘स्टार ट्रेक’साठी भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांनी घडवलेली क्लिंगॉन भाषाच घ्या. तिच्या वाक्यात आधी कर्म, मग क्रियापद आणि शेवटी कर्ता येतो. पृथ्वीवरच्या फार थोड्या भाषांत असा क्रम आढळतो, म्हणून तर त्यांनी तो मुद्दाम निवडला. पण ती बोलायला माणसासारखाच घसा, जीभ आणि दात लागतात. पडद्यावर ती माणसांनाच बोलायची होती! टेड चँग यांच्या १९९८ च्या कथेतले सात पायांचे प्राणी बरेच पुढे जातात. त्यांचे लेखन त्यांच्या बोलण्यावर बेतलेलेच नाही. दोन्ही भाषा स्वतंत्र. हीच कथा पुढे ‘अरायव्हल’ या चित्रपटातून जगभर पोचली. अशी धिटाई मात्र विरळा.

खरे तर ती शिकायला अंतराळात जावे लागत नाही. चारा कुठे आहे, हे मधमाशी नाचून सांगते. उभ्या पोळ्यावर ती सरळ वरच्या दिशेने नाचली, तर चारा सूर्याच्या दिशेला; तिरकी नाचली, तर सूर्यापासून तेवढाच कोन करून. अंग थरथरवत ती जितका वेळ धावते, तितके अंतर जास्त. कार्ल फॉन फ्रिश यांनी ही उकल केली आणि १९७३ चे नोबेल त्यांना विभागून मिळाले. आपल्याकडच्या झाडांवर आणि इमारतींवर लटकणाऱ्या आग्या मोहोळातही हा नाच चालतो, तोही उघड्यावर. लोक मात्र तिथे धूर घेऊन जातात.

२०२१ मध्ये अलास्काच्या समुद्रात संशोधकांनी कुबड्या देवमाशाची एक हाक ध्वनिवर्धकातून ऐकवली, तेव्हा ट्वेन नावाची मादी बोटीजवळ आली आणि सुमारे वीस मिनिटे प्रतिसाद देत राहिली. या चमूत परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचा शोध घेणाऱ्या सेटी संस्थेचे शास्त्रज्ञ होते. अनोळखी बुद्धीशी बोलण्याचा सराव इथेच करावा, हा त्यांचा निर्णय अगदी योग्य वाटतो. त्या हाकेचा नेमका अर्थ त्यांनाही ठाऊक नव्हता. याच पृथ्वीवरच्या, आपल्यासारख्याच सस्तन प्राण्याच्या बाबतीत ही स्थिती आहे.

म्हणून मराठीत विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना एक आग्रहाची विनंती. पुढच्या कथेतल्या परग्रहवासीयाला आधी शरीर द्या. ते कंपनांनी जग जाणते की वासाने, हे ठरवा. भाषा त्यानंतर घडवा. आणि लिहायला बसण्यापूर्वी, सुरक्षित अंतरावरून, एखादे आग्या मोहोळ दुर्बिणीतून नीट पाहा.