कंट्री आणि हिप-हॉपचा संगम : सोप्या गाण्यांच्या यशामागचे गणित

नवी दिल्ली : अमेरिकेतील ‘बिलबोर्ड हॉट 100’ या साप्ताहिक क्रमवारीत 2019 मध्ये ‘ओल्ड टाउन रोड’ हे गाणे सलग 19 आठवडे प्रथम क्रमांकावर राहिले. तोपर्यंत कोणत्याही गाण्याला हे साधले नव्हते. पाच वर्षांनी, 2024 मध्ये, ‘अ बार साँग (टिप्सी)’ या गाण्याने एकूण 19 आठवडे तेच स्थान मिळवून या कामगिरीची बरोबरी केली. लिल नास एक्स आणि शबूझी हे या गाण्यांचे गायक कृष्णवर्णीय आहेत. दोन्ही गाणी तीन मिनिटांहून छोटी आहेत आणि दोन्हींत ग्रामीण अमेरिकेचे समजले जाणारे ‘कंट्री’ संगीत आणि महानगरी वस्त्यांतून आलेले ‘हिप-हॉप’ एकत्र आले आहे.

चाल सोपी, शब्द मोजके आणि विषय ओळखीचा. अशा गाण्यांना समीक्षक अनेकदा बाळबोध ठरवतात आणि साधेपणा हेच त्यांच्या यशाचे एकमेव कारण मानतात. हे कारण खरे असले तरी अपुरे आहे. सोपी गाणी दर आठवड्याला हजारोंनी येतात आणि विस्मृतीत जातात. ही दोन गाणी टिकली, कारण संगीत व्यवसायाने सुमारे शंभर वर्षे वेगळे ठेवलेले दोन श्रोतृवर्ग त्यांच्याभोवती एकत्र आले. साधेपणाने हे एकत्र येणे शक्य केले.

साधेपणाचे कार्य

‘ओल्ड टाउन रोड’ची जडणघडण पाहण्यासारखी आहे. अटलांटा परिसरातील एका 19 वर्षांच्या युवकाने नेदरलँड्समधील संगीतकाराने तयार केलेला ठेका इंटरनेटवरून 30 डॉलरला विकत घेतला. त्या ठेक्यात ‘नाइन इंच नेल्स’ या रॉक समूहाच्या 2008 मधील एका वाद्यरचनेचा अंश होता. त्यातील तारवाद्याचा नाद बँजोची आठवण करून देतो, तर खालचा घुमणारा ढोल हिप-हॉपचा आहे. मूळ गाणे 1 मिनिट 53 सेकंदांचे. घोडा, टोपी आणि दूरचा रस्ता या प्रतिमा समजण्यासाठी काउबॉयचे चित्रपट पाहिलेल्या कोणालाही वेगळ्या माहितीची गरज नव्हती.

भारतात जून 2020 पासून बंदी असलेल्या ‘टिकटॉक’वर हे गाणे पसरले ते याच कारणाने. आरंभी रोजच्या पोशाखात उभे राहायचे आणि ठेका पडताच काउबॉयच्या वेशात अवतरायचे, असा खेळ लाखोंनी खेळला. कंट्रीचा चाहता ते गाणे मनापासून म्हणू शकत होता आणि इतरांना त्याची गंमत वाटत होती. एकच गाणे दोन वेगळ्या भावनांनी ऐकता येत होते.

शबूझीने दुसरा मार्ग निवडला. त्याच्या गाण्याचे धृपद जे-क्वॉन या रॅपरच्या 2004 मधील ‘टिप्सी’ या गाण्यावर बेतलेले आहे. तेव्हा विशीत असलेले श्रोते आज चाळिशीत आहेत. त्यांच्या स्मरणातल्या मुखड्याला गिटार आणि फिडलची साथ मिळाली. आकडे मोजत जाणारे ते धृपद पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही दुसऱ्या आवर्तनात म्हणता येते. विषय मात्र हलका नाही. नोकरीतून भागत नाही, इंधन आणि किराणा महागला आहे, घरातल्या मागण्या संपत नाहीत आणि म्हणून संध्याकाळी पावले मद्यालयाकडे वळतात, असा हा कष्टकऱ्याचा अनुभव आहे.

येथे दोन्ही परंपरांचे साम्य लक्षात येते. कंट्री आणि हिप-हॉप या दोहोंत गायक आपली गोष्ट प्रथमपुरुषी सांगतो. आपले गाव किंवा वस्ती, तुटपुंजी कमाई, मित्रांची संगत आणि थोडी फुशारकी हे दोघांचेही विषय आहेत. त्यामुळे हा मेळ ओढूनताणून घातलेला वाटत नाही.

भिंत कोणी उभारली?

मुळात ही दोन संगीते इतकी दूर नव्हती. कंट्रीची ओळख मानला जाणारा बँजो गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर अमेरिकेत आला. मात्र 1920 च्या दशकात ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी दक्षिणेतील संगीताच्या दोन याद्या केल्या. कृष्णवर्णीयांसाठी ‘रेस’ आणि ग्रामीण गोऱ्यांसाठी ‘हिलबिली’. विक्रीच्या सोयीसाठी केलेली ही विभागणी पुढे रेडिओ, क्रमवारी आणि पुरस्कारांत रुजली. अपवाद होते. हार्मोनिकावादक डीफोर्ड बेली ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमाचे आरंभीचे लोकप्रिय कलावंत होते, तर चार्ली प्राइड यांना 1971 मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोच्च सन्मान मिळाला. तरीही ते अपवादच राहिले.

मोजमाप बदलले, पहारा राहिला

कंट्री गाणे लोकप्रिय ठरवण्याचा अधिकार दीर्घकाळ रेडिओ केंद्रांकडे होता. ऑक्टोबर 2012 मध्ये बिलबोर्डने ‘हॉट कंट्री साँग्ज’ या क्रमवारीत डिजिटल विक्री आणि स्ट्रीमिंगचीही गणना सुरू केली. 2005 मध्ये काउबॉय ट्रॉय या रॅपरच्या कंट्री प्रयोगाला रेडिओने फारशी दाद दिली नव्हती आणि त्याला दुसरा मार्गही नव्हता. नव्या व्यवस्थेत श्रोता थेट गाण्यापर्यंत पोहोचू लागला. स्पॉटिफायवर गाणे 30 सेकंद ऐकले की ते एकदा वाजल्याची नोंद होते. त्यामुळे पुन्हा पुन्हा ऐकली जाणारी छोटी गाणी लाभात राहतात.

तरीही मार्च 2019 मध्ये बिलबोर्डने ‘ओल्ड टाउन रोड’ कंट्री क्रमवारीतून काढून टाकले. आजच्या कंट्री संगीताचे घटक त्यात पुरेसे नाहीत, असे कारण देण्यात आले. गायकाच्या वर्णाशी या निर्णयाचा संबंध नसल्याचेही बिलबोर्डने स्पष्ट केले. एप्रिलमध्ये बिली रे सायरस या ज्येष्ठ गोऱ्या कंट्री गायकाला सोबत घेऊन गाण्याची नवी आवृत्ती आली आणि अमेरिकेत एका आठवड्यात ती 14 कोटी 30 लाख वेळा ऐकली गेली. पुढील महिन्यांत आणखी आवृत्त्या आल्या आणि त्यांची गणना मूळ गाण्यातच झाल्याने अग्रस्थान टिकण्यास मदत झाली. कंट्री रेडिओच्या क्रमवारीत मात्र ते 50 व्या स्थानापलीकडे गेले नाही.

याउलट गोऱ्या कलावंतांनी हिप-हॉपकडून घेतलेले उसने सहज स्वीकारले गेले. फ्लोरिडा जॉर्जिया लाइन या जोडीचे ‘क्रूझ’ हे गाणे रॅपर नेलीच्या सहभागानंतर बळावले आणि कंट्री क्रमवारीत एकूण 24 आठवडे पहिले राहिले. रॅपच्या वळणाच्या गाण्यांनी नाव कमावलेल्या पोस्ट मेलोनचे 2024 मध्ये कंट्रीत स्वागत झाले.

आता पुढे काय?

त्याच वर्षी चित्र काहीसे बदलले. फेब्रुवारीत बियॉन्से ‘हॉट कंट्री साँग्ज’मध्ये अव्वल ठरलेली पहिली कृष्णवर्णीय महिला झाली. पुढे ते स्थान शबूझीकडे गेले आणि त्याचे गाणे कंट्री रेडिओवरही पहिले आले. पुरस्कारांची गोष्ट निराळी होती. त्या वर्षीच्या कंट्री म्युझिक असोसिएशन पुरस्कारांत बियॉन्सेला एकही नामांकन नव्हते आणि शबूझी दोन नामांकने मिळूनही रिक्तहस्त परतला. फेब्रुवारी 2025 मध्ये बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ला सर्वोत्कृष्ट अल्बमसह कंट्री अल्बमचेही ग्रॅमी मिळाले. त्यानंतर काही महिन्यांतच ग्रॅमीने कंट्री अल्बमचा पुरस्कार ‘पारंपरिक’ आणि ‘समकालीन’ अशा दोन विभागांत वाटण्याचे जाहीर केले. हा विस्तार आहे की नवी भिंत, याचा निर्णय पुढील वर्षांतील विजेत्यांच्या नावांवरून होईल.

सोपे गाणे दार उघडू शकते, हे या दोन उदाहरणांनी सिद्ध केले आहे. परंतु कलावंताची कारकीर्द एका गाण्यावर उभी राहत नाही. त्यासाठी दुसरे आणि तिसरे गाणे वाजवणारे रेडिओ केंद्र, मैफलींचे आयोजक आणि पुरस्कारांचे मतदार लागतात. श्रोत्यांनी आपला कौल दिला आहे. या मंडळींचा कौल अजून पुरता यायचा आहे.