पाटी बदलली, उधारी कोणाच्या नावे?



२०१२ साली सरकारने मॉलच्या व्यापारात ५१ टक्क्यांपर्यंत परकीय भांडवलाला परवानगी दिली, तेव्हा मोठा कल्ला झाला. एक बाजू म्हणाली, मॉल आले की शेतमालाला भाव मिळेल. दुसरी म्हणाली, गल्लीतला दुकानदार मरेल. मॉलच बुडू शकतो, हे कोणीच धरून चालले नव्हते.

बुडतो. किशोर बियाणींचा बिग बझार २००१ साली सुरू झाला. खेड्यातली बारावी झालेली कितीतरी पोरे अशा दुकानांत कामाला लागली. ऑगस्ट २०२० मध्ये हा धंदा २४,७१३ कोटींना रिलायन्सला विकायचे ठरले. अॅमेझॉन आडवी आली, दीड वर्ष कोर्टकचेऱ्या चालल्या, इकडे दुकानांचे भाडे थकले. रिलायन्सने जागांचे करार आपल्या नावे करून घेतले आणि फेब्रुवारी २०२२ पासून दुकाने ताब्यात घेतली. एप्रिलात बँकांनी सौदा नाकारला, जुलैत फ्युचर रिटेल दिवाळखोरीत गेली आणि जुलै २०२४ मध्ये ती मोडीत काढण्याचा आदेश झाला.

दुकानांतल्या नोकरांना रिलायन्सने कामावर घेऊ म्हटले. बरे केले. पण माल उधार देणाऱ्यांना काय म्हटले?

आता रिलायन्सचाच हिशेब पाहा. २०२३-२४ या एका वर्षात तिची दुकाने १८,०४० वरून १८,८३६ झाली आणि माणसे सुमारे २ लाख ४५ हजारांवरून २ लाख ७ हजारांवर आली. काढले म्हणा, की गेलेल्यांच्या जागी भरले नाहीत म्हणा. खर्च कमी करणारा दुकानदार पापी आहे, असे मी म्हणणार नाही. निंदायला माणूस मिळेना की आपणही डवरा जुंपतोच. पण धाकट्या मुलाची मॉलमधली नोकरी म्हणजे कोरडवाहू घराचा विमा, असे धरून कर्ज काढणाऱ्याने हे आकडे डोळ्यांपुढे ठेवावेत.

माझी खरी काळजी वेगळी आहे. आपले गट, शेतकरी कंपन्या आता ज्वारीचे पीठ, तुरीची डाळ अशा साखळी दुकानांना देऊ लागल्या आहेत. मोठे नाव पाहून महिना-दीड महिन्याची उधारी बिनघोर सोडतात. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात मोडीत निघालेल्या कंपनीचे पैसे कोणाला आधी द्यायचे, याची रांग ठरलेली आहे. आधी प्रक्रियेचा खर्च. मग तारण घेतलेल्या बँका आणि त्यांच्या बरोबरीने कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी. मग इतर नोकरांचा १२ महिन्यांचा पगार, मग बिनतारण कर्जे, मग सरकारी देणी. माल उधार देणारा त्यांच्याही मागे उभा. सावकारांच्या समितीत त्याला मतही नाही. गावचा अडत्या लुबाडतो खरा, पण त्याचे घर आपल्याला माहीत असते!

लहान उद्योग म्हणून नोंदणी असेल तर ४५ दिवसांत पैसे मागण्याचा हक्क २००६ च्या कायद्याने मिळतो. डाळ मिल, पीठ गिरणी चालवणाऱ्या गटांनी ती नोंदणी करून घ्यावी. खरेदीदार बुडाल्यावर मात्र तिचा उपयोग थोडाच. म्हणून निम्मे पैसे माल भरताना घ्या आणि मागची पट्टी चुकती झाल्याशिवाय पुढची गाडी भरू नका.

ज्यांच्या गटाने असा करार केला आहे त्यांनी तो जिल्हा बैठकीला घेऊन यावा. पैसे कधी द्यायचे, ते कलम आधी वाचू; भावाचे नंतर.