खोताची वाडी आणि आपली चावडी

मंडळी, मुंबईला गेलात तर गिरगावातल्या खोताच्या वाडीत एक चक्कर माराच. शहराच्या पोटातलं गावच ते! दादोबा वामन खोतांच्या जमिनीवर ईस्ट इंडियन कुटुंबांनी लाकडी जिन्यांची, ओटीची, कौलारू घरे बांधली. एकेकाळी अशी ६५ घरे होती. आज निम्मीही उरलेली नाहीत. १९९५ साली मुंबईसाठी वारसा नियमावली आली, पण डागडुजीचा खर्च घरमालकाच्याच माथी. मग बिल्डरला हो म्हणणाऱ्याला दोष कसा द्यायचा?

सरपंच, ग्रामसेवक, आपल्याकडे तर बिल्डरही लागत नाही. जुनी चावडी पाडून स्लॅब टाकायचा ठराव चहा येईपर्यंत मंजूर! सागवानी खांब कवडीमोलाने जातात. पाडण्याआधी निदान दुरुस्तीचा अंदाज काढा, ग्रामसभेत वाचून दाखवा.