आवाज बुलेटचा, वेग रिक्षाचा
वसईच्या अंबाडी रोडवरून परवा एक बुलेट गेली. म्हणजे आधी आवाज पोचला, बुलेट सावकाश मागून आली, कारण पुढे रिक्षांची रांग होती. गॅरेजवाला हसला, ‘‘काका, पोरांना पॉवर पायजे. सायलेन्सर बदलला की गाडी पळते म्हणतात.’’ पळत नाही, मंडळी. बुलेटच्याच घराण्यातली क्लासिक ३५० कंपनीतून निघते तीच मुळी जेमतेम २० बीएचपी घेऊन. पोकळ नळकांडं लावून त्यात फार तर एखाद-दुसऱ्या अश्वशक्तीची भर पडते, तीही इंजिन वरच्या फेऱ्यांत फिरत असताना. बीएस-६ गाडीच्या धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर बसलेले असतात. त्यांच्याशी खेळलात की इंधनाचं गणित बिघडतं, ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, नव्याने जुळवावा लागतो आणि खालच्या वेगातली ओढ अनेकदा उलट कमीच होते. आता वसई-विरारमध्ये खालच्या वेगाखेरीज दुसरा वेग कुणी पाहिलाय? वर कायदा आहेच: मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२), ध्वनिप्रदूषणाच्या पहिल्याच गुन्ह्याला १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स गेलं. पुण्या-नागपुरात पोलिसांनी असले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडलेत, ते दृश्य मला तरी बघवत नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. तेव्हा पोरांनो, एअर फिल्टर बदला, चेनला तेल द्या, टायरात हवा नीट ठेवा आणि सायलेन्सरच्या पैशांत चांगलं हेल्मेट घ्या.