तोफेला तिजोरी, जखमीला झोळी

८ जानेवारी २०२० रोजी इराकमधील अल-असद तळावर इराणी क्षेपणास्त्रे कोसळली. शंभराहून अधिक अमेरिकी सैनिकांच्या मेंदूला इजा झाली. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याच महिन्यात दावोस येथे तिला ‘डोकेदुखी’ म्हणून क्षुल्लक लेखले.

ही एका माणसाची बेपर्वाई नव्हे. युद्धखोर अर्थव्यवस्थेची ही हिशेबपद्धतीच आहे. जी जखम रक्ताने दिसत नाही, ती खर्चाच्या वहीतही दिसू नये! २००० पासून मेंदूला इजा झालेल्या अमेरिकी सैनिकांची संख्या ४ लाखांवर गेली आहे. तरीही बेथेस्डाच्या लष्करी आवारात २०१० मध्ये उघडलेले मेंदू-इजा उपचार केंद्र खाजगी देणग्यांतून उभे राहिले. त्याच वर्षी संरक्षणावर ६०० अब्ज डॉलरांहून अधिक सरकारी खर्च झाला. हा कोणता न्याय?

स्मृती हरवलेल्या तरुणाची वर्षानुवर्षांची शुश्रूषा अखेर पत्नी वा आईच्या माथी येते. कारखान्यातील अपघाताची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व कामगार चळवळीने झगडून मान्य करवून घेतले. गणवेशातील श्रमिकालाही तेच लागू झाले पाहिजे. युद्ध पुकारणाऱ्या राज्याने जखमींच्या आजन्म शुश्रूषेचा खर्च पहिल्याच दिवशी अंदाजपत्रकात मांडावा. मग युद्धाची खरी किंमत जनतेला कळेल, आणि ती नाकारण्याचे बळही येईल.