चवदार तळ्याच्या काठी



२० मार्च २०२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्यासाठी अस्पृश्यांनी केलेल्या सत्याग्रहाला शंभर वर्षे होतील. त्या निमित्ताने 'फुले-शाहू-आंबेडकर' हे शब्द व्यासपीठांवरून एका श्वासात ऐकू येतील. नावे योग्यच आहेत. पण त्या मधल्या जोडरेघांखाली किती वाद झाले, किती मनधरण्या झाल्या, हे सहसा कुणी सांगत नाही. मला तर तेच अधिक मोलाचे वाटते.

महाडला कोण कोण होते ते आठवून पाहा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला होता. सुरेंद्रनाथ टिपणिसांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेने तळे खुले केले, पण ते कागदावरच. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला यावे म्हणून पाठपुरावा करणारे तरुण आर. बी. मोरे पुढे कम्युनिस्ट झाले, तरी बाबासाहेबांवरची त्यांची श्रद्धा ढळली नाही. सत्याग्रहाच्याच वर्षी, १९२७ च्या डिसेंबरमध्ये, महाडच्या परिषदेत मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो ब्राह्मण घरातल्या सहस्रबुद्ध्यांनी. त्या परिषदेच्या मंडपाला जागा मिळेना, तेव्हा ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. आणि मंडपात तसबीर लागली होती गांधीजींची! त्याच गांधीजींशी अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांवरून बाबासाहेबांचा किती तीव्र झगडा झाला, ते पाच वर्षांनी साऱ्या देशाने पाहिले.

ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांनीही पाठिंबा देऊ केला होता. अट एकच, लढ्यात ब्राह्मण नकोत. बाबासाहेबांनी ती मानली नाही. आपले वैर ब्राह्मण्याशी आहे, जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसांशी नाही, ही त्यांची भूमिका होती. मित्रांची गरज असताना मित्राची अट नाकारायला केवढी हिंमत लागली असेल!

म्हणून विचारांचा मेळ म्हणजे तसबिरी एका ओळीत मांडणे, असे मी मानत नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ मध्ये मिशन काढून अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले, तरी मतदारसंघांच्या प्रश्नावर त्यांची आणि बाबासाहेबांची वाट वेगळीच राहिली. तो भेद पुसायचे काही कारण नाही. महाडला इतकी माणसे एकत्र आली, कारण समोर पाणी होते, आणि पाऊल कधी उचलायचे हे ज्यांना ते नाकारले होते तेच ठरवत होते. पुढे मात्र असा मेळ नेहमीच टिकला नाही. १९७२ मध्ये उभ्या राहिलेल्या दलित पँथर या तरुणांच्या संघटनेत मार्क्स की बुद्ध या वादाने दोनच वर्षांत फूट पडली. त्या तरुणांची धग अस्सल होती, म्हणून ती फूट आजही सलते.

आज ते तळे कुठे आहे? माझ्या मते सेप्टिक टाकीच्या तोंडाशी. हाताने मैला साफ करायला लावण्यास २०१३ चा कायदा बंदी घालतो, तरी माणसे आत उतरवली जातात आणि गुदमरून मरतात. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई तीस लाख रुपये केली. पण टाकीत उतरणारा बहुतेकदा विशिष्ट जातींतलाच का, हे आंबेडकरवाद्याने विचारावे. कंत्राटदार मोकळा कसा सुटतो, हे कामगार संघटनेने विचारावे. स्वच्छतेची शपथ घेणाऱ्या गांधीवाद्याने टाकीत उतरणाऱ्याच्या घरी जाऊन बसावे.

या अंकातले दोन लेख एकमेकांच्या थेट विरोधात आहेत. एक धर्मांतराला दलितांच्या मुक्तीचा कणा मानतो, दुसरा जमिनीला. भेद पुसायचा नाही, म्हणून आम्ही ते समोरासमोरच्या पानांवर छापले आहेत, एकाही ओळीला कात्री न लावता.


— संपादक