घास गिळण्याचा हक्क

बेंगळुरूच्या उत्तरेला असलेल्या येलहंका उपनगरात रेल्वेची चाके तयार करणारा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना १९८४ साली सुरू झाला. पुढे २००८ साली देवनहळ्ळीचा विमानतळ खुला झाला आणि शहरापासून येलहंकामार्गे तिकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या जमिनीला सोन्याचे मोल आले. या पट्ट्यात मोठमोठी खासगी रुग्णालये उभी राहिली. कर्करोगाच्या उपचारांची अद्ययावत यंत्रेही आली. परंतु त्याच परिसरात विटा वाहणारा, रस्ते झाडणारा, कंत्राटावर राबणारा कष्टकरी या यंत्रांपर्यंत पोहोचतो काय? आणि पोहोचलाच, तर कोणत्या अटीवर?

हा प्रश्न अन्ननलिकेच्या कर्करोगाइतका उघडावाघडा दुसऱ्या कोणत्याही रोगात क्वचितच दिसत असेल. अन्ननलिका लवचिक असते. तिची बरीचशी वाट बुजेपर्यंत रोग्याला फारसे काही जाणवत नाही. रागीचा मुद्दा न चावता गिळण्याची कर्नाटकातील रीत आहे. प्रथम तो घास अडतो, मग भात, मग पेज, आणि अखेरीस पाणी व स्वतःची लाळसुद्धा. तोवर वजन झपाट्याने घटलेले असते. विडी, तंबाखू, गुटखा, दारू आणि निकृष्ट आहार ही आपल्या देशातील या रोगाची प्रमुख कारणे. ती कोणाच्या वाट्याला अधिक येतात, हे सांगावयास नको.

रोग पुढे गेला की गुंतागुंत सुरू होते. गाठ श्वासनलिकेत घुसून दोन्ही नळ्यांमध्ये छिद्र पडते. मग प्रत्येक घोटाबरोबर खोकल्याची उबळ येते, अन्न व लाळ फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. कधी गाठीतून रक्तस्राव होतो. अशा अवस्थेत किरणोपचार म्हणजे रेडिएशन द्यावे काय, किती द्यावे आणि कशासाठी द्यावे, हा निर्णय रोग्याच्या उरलेल्या आयुष्याचा निर्णय असतो. तो रोग्याच्या गरजेवरून व्हावा, बिलाच्या आकड्यावरून नव्हे, एवढीच आमची भूमिका आहे.

या बाबतीत शास्त्राने पुरेसा उजेड पाडलेला आहे. रोग शरीरात अन्यत्र पसरलेला नसेल आणि रोग्याच्या अंगी बळ असेल, तर किरणोपचार व रासायनिक औषधे एकत्र देऊन तो बरा करण्याचा प्रयत्न झालाच पाहिजे. अमेरिकेत झालेल्या व १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीच्या पुढील पाठपुराव्यात, असे संयुक्त उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा रोगी पाच वर्षांनंतर हयात होते; केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी एकही नव्हता. म्हणून 'गरीब आहे, थोडक्यात आटपा' असे म्हणणे हा गुन्हाच होय.

परंतु रोग पसरलेला असेल, तर उद्दिष्ट बदलते. आता प्रश्न असतो तो घास पुन्हा घशाखाली उतरविण्याचा. त्यासाठी पाच-साडेपाच आठवड्यांचे प्रदीर्घ उपचार लागत नाहीत. पाच किंवा दहा बैठकांत दिलेला २० ते ३० ग्रे किरणोपचार अनेकांना आराम देतो. त्याला रासायनिक औषधांची जोड द्यावी काय, याची परीक्षा ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा व ब्रिटन या देशांतील रोग्यांवर झाली. २०१८ साली प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष असा की गिळण्यात ठोस सुधारणा झाली नाही, त्रास मात्र वाढला. नेदरलँड्समधील २००४ सालच्या अभ्यासात जाळीची नळी म्हणजे स्टेंट आणि अन्ननलिकेच्या आतून एकदाच दिलेला १२ ग्रे किरणोपचार यांची तुलना झाली. स्टेंटने आराम लवकर पडला. आतून दिलेल्या किरणांनी तो अधिक काळ टिकला. श्वासनलिकेशी छिद्र पडले असेल, तर आधी आच्छादित स्टेंटने ते झाकणे आणि पोटात नळी घालून पोषण देणे महत्त्वाचे. घाईने दिलेले किरण गाठीबरोबर तिने धरून ठेवलेली भिंतही ढासळवू शकतात.

म्हणजेच कमी खर्चाचा, कमी दिवसांचा उपचार पुष्कळदा अधिक योग्य असतो. मग तो सर्वांना का मिळत नाही? कारण जेथे बैठकांच्या संख्येवर आणि यंत्राच्या किमतीवर उत्पन्न ठरते, तेथे थोडक्यात काम भागविणे नफ्याच्या हिशेबात बसत नाही. प्रत्येक डॉक्टर लोभी असतो असा याचा अर्थ नव्हे. व्यवस्थाच त्याला त्या दिशेने ढकलते. कुटुंब जमीन गहाण टाकते, दागिने मोडते आणि जो रोग बरा होणारच नव्हता त्यासाठी कर्जबाजारी होते. दुसऱ्या टोकाला सरकारी रुग्णालयाची रांग. बेंगळुरूची किदवई संस्था १९७३ साली सरकारने उभारली आणि असंख्य गोरगरिबांना तिनेच आधार दिला. येलहंकाहून तेथे जायचे म्हणजे गजबजलेले शहर ओलांडून वीस-बावीस किलोमीटरचा प्रवास. उत्तर कर्नाटकातून येणाऱ्याला तर रात्रभराचा. दहा लाख लोकसंख्येमागे निदान एक किरणोपचार यंत्र असावे असा मापदंड मानला जातो. आपला देश त्याच्या कितीतरी मागे आहे. आज बरा होऊ शकणारा रोग रांगेत थांबता थांबता असाध्य होतो.

यंत्रे परदेशातूनच आणावी लागतात, ही सबबही खरी नव्हे. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले 'भाभाट्रॉन' हे कोबाल्ट यंत्र खुद्द बेंगळुरूच्या एका कंपनीने तयार केले. घास उतरविण्यापुरत्या उपचाराला ते पुरेसे आहे. ज्ञान सार्वजनिक पैशातून निर्माण होते. त्याचा लाभही सार्वजनिक झाला पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक जिल्ह्याला किरणोपचाराची सोय आवाक्यात असावी आणि प्रतीक्षेचा कालावधी जाहीर व्हावा. उपचाराचा हेतू रोग बरा करणे आहे की आराम देणे, हे रोग्याला त्याच्या भाषेत, कन्नड, मराठी वा हिंदीत, लेखी सांगितले जावे. आयुष्मान भारत किंवा महात्मा फुले योजनेने बिल भागले, तरी बुडालेली मजुरी, निवास व सकस आहार यांचा भार रोग्याच्या घरावरच पडतो. तो शासनाने उचलावा. कर्मचारी राज्य विमा योजनेत कर्करोगासाठी अटींच्या अधीन राहून दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के लाभ मिळतो. किती कामगारांना हे ठाऊक आहे? ते सांगणे हे युनियनचे काम आहे.

वेदनाशमनही तितकेच निकडीचे आहे. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फीन रोग्यांना दुर्मीळ झाले. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सोपी केली, तरी लहान गावांतील दवाखान्यांत ते सहजी मिळत नाही. बेंगळुरूतील करुणाश्रय ही संस्था अखेरच्या अवस्थेतील कर्करोग्यांची विनामूल्य शुश्रूषा करते. तिचे कार्य वंदनीय आहे. पण वेदनेतून सुटका ही दानधर्मावर सोडण्याची बाब नव्हे.

आणि रोगाच्या मुळाशीही गेले पाहिजे. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी १९८१ साली रास्त भावासाठी लढा दिला आणि पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. त्या मातीतील शेतकरी व विडी कामगार तंबाखूवर जगतात, आणि त्याच तंबाखूने दुसरा कष्टकरी मरतो. दोघांना एकमेकांचे शत्रू ठरवून सुटका होणार नाही. शेतकऱ्याला पर्यायी पीक व खात्रीचा भाव, विडी कामगारणीला पर्यायी रोजगार, आणि ज्याच्या घशात घास अडला आहे त्याला वेळेवर, योग्य तेवढा उपचार: या तिन्ही मागण्या एकत्रच मांडाव्या लागतील.